तिसरी भाकरी

तीन वजा एक पूर्णांक एक चतुर्थांश. या एका गणितानं मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी रडवलं होतं. मला येत होतं हो गणित, पोरांना येत नव्हतं.

लढाईची वर्षं होती. मी सांगलीची. फायनल झालेली, ट्रेनिंग झालेली, आणि घरात कुणाचं ऐकून न घेणारी. बोर्डानं नेमणूक दिली ती उंब्रजच्या पुढच्या एका गावात. आई म्हणाली, "एवढ्या लांब?" मी म्हटलं, "लांब कसलं? तिथं नदीत टाकलेलं फूल तुझ्या घाटावर येईल." फुलं काही मी टाकली नाहीत. पण संध्याकाळी कृष्णेवर पाणी आणायला गेले की हे बोलणं आठवायचं, आणि कळशी भरली तरी मी प्रवाहाकडं बघत बसायची. उगाच कशाला लपवू?

गावात बाईमाणूस मास्तर म्हणून पहिल्यांदाच आलेलं. बायका मला बघायला यायच्या. "आवं, ही तर पोरगीच हाय," असं माझ्या तोंडावर म्हणायच्या आणि जाताना ओट्यावर चार वांगी ठेवून जायच्या. शाळा भरायची मोठ्या रस्त्याकडेच्या जुन्या धर्मशाळेत. हेडमास्तर खालचे दोन वर्ग घ्यायचे, तिसरी-चौथी माझ्याकडं. रस्त्यावरनं मिलिट्रीच्या लॉऱ्या जायच्या, एकामागं एक. लॉरी आली की वर्ग रिकामा. फळ्यापुढं मी आणि खडू. सुरुवातीला मी छडी घेऊन मागं धावायची. पुढं कळलं की निम्म्या पोरांचं कोणी ना कोणी 'लामावर' गेलेलं आहे. लढाईला तिकडं लाम म्हणत. बाप, चुलता, मामा, कुणीतरी असायचंच. मग लॉरी दिसली की मीच म्हणायची, "जा, बघून या. आणि मुकाट्यानं परत या."

तर गणित.

पोरांना पावकी-निमकी तोंडपाठ. "एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक," असं हेल काढून म्हणायला लागली की धर्मशाळेचे पत्रे हलायचे. सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन, सगळं यायचं. सव्वा अन् दीड किती म्हटलं की "पावणेतीन बाई!" असा आवाज यायचा. बेरजेची मला काही फिकीर नव्हती. पण वजाबाकीला पुढं नुसता पूर्णांक आला, की सगळ्यांची दातखीळ बसायची. फळ्यावर लिहिलं: तीन वजा एक पूर्णांक एक चतुर्थांश. सगळ्या वर्गाचं एकच उत्तर, दोन पूर्णांक एक चतुर्थांश.

"अरे, सव्वा काढून घेतला ना? मग दोनापेक्षा जास्त कसं उरेल?"

"तीनातनं एक गेला, दोन ऱ्हायले. पावाला वर कोन न्हाई. मग त्यो तसाच खाली उतरला."

खाली उतरला! पाव म्हणजे काय जिन्यानं येणारा पाहुणा आहे? मी चिडायची, पुन्हा समजवायची. एक पूर्णांक फोडा, त्याचे चार चतुर्थांश करा. पोरं माना डोलवायची आणि पुन्हा पाव खाली उतरवायची. मी फळ्यावर गोल काढले. कागदाच्या घड्या घातल्या. एकदा तर उसाची कांडी आणून तोडून दाखवली. चौघाजणांना पुढं बोलावलं, "हे चार पाव झाले, धरा," म्हणून हातात दिले आणि फळ्याकडं वळले. परत वळते तो ऊस संपलेला. वजाबाकी झाली होती, पण पोटात.

या सगळ्यात सगळ्यात मागं होती ती एक मुलगी. बारकी, काळीसावळी, केस तेलानं चप्प बसवलेले. बाप लामावर. घरी आई आणि आजा. त्या आज्यानं तिला शाळेत आणून सोडलं तेव्हाच मला सांगून ठेवलं होतं, "बाई, ह्यो माज्या ल्योकाचा हट्ट. जाताना म्हनला, पोरीला शिकीव. मी शब्द दिलाय, पन चौथीपत्तुर. दिपोटीच्या परीक्षंत पास झाली तर उंब्रजच्या शाळंत घालीन. न्हाई झाली तर खुरपं हातात. घरात करनारं माणूस न्हाई." म्हातारा रोखठोक होता. मलाही रोखठोक माणसं बरी वाटतात. मी म्हटलं, "पास होईल."

म्हटलं खरं! ती बाकी सगळ्यात चांगली. वाचन घडघड, अक्षर मोत्यासारखं. पण अपूर्णांक आला की पाटी धरून अशी बसायची की देवळातली मूर्ती बरी. आणि दिपोटी, म्हणजे डेप्युटी साहेब, गणित सोडून बोलत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. मला तर स्वप्नात खुरपं दिसायला लागलं.

एक दिवस मी चिडून तिला म्हटलं, "मधल्या सुट्टीत इथंच बस. जेव आणि माझ्यापुढं गणित कर." मीही माझा डबा उघडला. तिनं मांडीवर फडकं सोडलं. आत दोन अख्ख्या जोंधळ्याच्या भाकऱ्या, आणि त्यांच्यावर एका भाकरीचे चार तुकडे. एकसारखे, चतकोर चतकोर. सोबत खर्डा.

"एवढं खातेस?"

"न्हाई बाई. शाळा सुटल्यावर आज्ज्याला मळ्यात नेऊन द्यायच्या हाईत."

"मग एक मोडली कशाला?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी सांगलीची नसून विलायतेची आहे. "तीन देत न्हाईत, बाई!"

आणि मला माझी आजी आठवली, आई आठवली. आमच्याकडंही हेच! पानात तीन वाढायच्या नाहीत, कुणाला तीन बांधून द्यायच्या नाहीत. तीन अख्ख्या असतात त्या गेलेल्या माणसाच्या पानावर. तिसरी द्यायचीच झाली तर मोडून द्यायची. लहानपणापासून हे बघत आले, खात आले. आणि मी महिनाभर ऊस तोडत बसले होते! कपाळावर हात मारून घेतला मी.

"बरं, आता यातली सव्वा भाकरी आज्ज्याला दे. तुला किती उरली?"

तिनं एक अख्खी उचलून बाजूला ठेवली. तिच्यावर एक चतकोर ठेवला. मग आपल्या वाट्याकडं बोट केलं. "एक, आन् तीन चतकोर. पावणेदोन."

"कसं आलं?"

"आयनं आदीच मोडून ठिवली हुती की."

अहो, तेवढंच तर होतं सगळं! एक आधी मोडून ठेवायची. ज्याला पुस्तकात अर्धं पान लागतं ते तिच्या आईनं चुलीपुढं बसून केलं होतं. मी इतकी खूश झाले की माझ्या डब्यातलं वांग्याचं भरीत सगळं तिच्या भाकरीवर घातलं.

दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर भाकऱ्या आल्या. तीन लिहिलं की वर्गानं ओरडायचं, "एक मोडा!" मग तीनाचे झाले दोन पूर्णांक चार चतुर्थांश. त्यातनं सव्वा घाला बाहेर. सातातनं पावणेतीन काढायचे? एक मोडा. सहा आणि चार चतकोर. त्यातनं दोन आणि तीन चतकोर गेले, उरले चार आणि एक, सव्वाचार. पाव खाली उतरायचा बंद झाला तो कायमचा. पोरं आपली आपण गणितं घालायला लागली. भांडणंही व्हायला लागली. माणदेशाकडनं मेंढरं घेऊन आलेल्या एका घरचा मुलगा होता, त्याच्या आईची बाजरीची भाकरी ताटाएवढी. तो म्हणायचा, "माजा चतकोर तुमच्या अर्ध्याला भारी हाय." मग मला समजवावं लागलं की गड्यांनो, भाकरी एकसारख्या धरायच्या, नाहीतर हिशेबाला अर्थ नाही. आणि चतकोराचा तुकडा म्हणजे नितकोर, तो नेमका कितवा भाग, यावर तर दोघांच्या टोप्या उडाल्या होत्या. शेवटी मी सांगितलं, "आठवा भाग. मी सांगते म्हणून." बाईपणाचा तेवढा अधिकार गाजवला.

आणि ती मुलगी? तिचं तर भाग्यच उघडलं. सगळ्यात पहिलं उत्तर तिचं. मागच्यांना ती शिकवायची. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. उत्तर नेमकं तीन आलं, की ती पाटीवर लिहायची दोन पूर्णांक चार चतुर्थांश. मी म्हणायची, "अगं, ते तीनच की." ती म्हणायची, "व्हय बाई." आणि तसंच ठेवायची. बोरं, पेरू, गुळाच्या ढेपी, याचं उत्तर असेल तर तीन म्हणायची, लिहायचीसुद्धा. भाकरीचं असेल तर नाही.

एकदा तिची आई नदीवर भेटली, तिला विचारलं. बाई धुणं पिळायची थांबली. म्हणाली, "आवं बाई, तिचा बाप लामावर गेल्यापास्नं आमच्या घरात त्यो शब्द भाकरीसंगं कुणीच काडत न्हाई. थापतानाबी मी दोन म्हंते, आन् मग वरची म्हंते. औंदा पावसाळ्यापास्नं त्येचं पत्र न्हाई." एवढं म्हणून तिनं धुणं इतकं जोरात पिळलं की पाणी माझ्या पायावर आलं. पोरीला त्यानंतर मी टोकलं नाही. घरातलं माणूस जीव मुठीत धरून लांब असलं की एवढं पाळायचंच. मी शिकलेली होते म्हणून काय झालं, मीसुद्धा पाळलं असतं.

परीक्षेचा दिवस उजाडला. कराडहून टांग्यातनं डेप्युटी साहेब आले. कोट, उपरणं, चष्मा. शाळा सारवलेली, दाराला आंब्याचा डहाळा. पोरांनी डोकी भिजवून भांग पाडलेले. दाराबाहेर आई-बाप उकिडवे बसलेले. त्यात हिचा आजाही होता, डोक्याला धुवट पटका बांधून.

वाचन झालं, कविता झाल्या. साहेब खूश दिसले. मग ते फळ्याकडं वळले. कोपऱ्यात कालच्या भाकऱ्या पुसायच्या राहिल्या होत्या. "हे काय?" मी सांगितलं. ते हसले. चांगले मनापासून हसले हो, वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, "वा! मग भाकरीवरच विचारू." आणि बोट नेमकं हिच्याकडं केलं. "तू ऊठ. घरात साडेपाच भाकरी होत्या. अडीच संपल्या. किती उरल्या?"

साडेपाचातनं अडीच!

"दोन आन् चार चतकोर," ती म्हणाली. डोळा लवायच्या आत.

"चार चतकोर म्हणजे किती?"

"एक."

"मग दोन आणि एक?"

ती गप्प.

"बोल. दोन आणि एक किती?"

ती जमिनीकडं बघत उभी. वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं ती का गप्प आहे. कुणी तिला हळूच उत्तरही सुचवलं नाही. मी पुढं झाले. "साहेब, आंब्यावर विचारा, पेरूवर विचारा, लगेच सांगेल."

"का? भाकरीला काय झालं?"

दाराबाहेर तिचा आजा बसलेला. पोरीचे डोळे भरलेले. भर सभेत मी काय सांगणार, की हिचा बाप लढाईवर आहे आणि त्याची खबर नाही? मी म्हटलं, "आमच्याकडं भाकरीला तो आकडा लावत नाहीत."

"बाई, ही गणिताची परीक्षा आहे. उत्तर पूर्ण रूपात यायला पाहिजे. आणि परीक्षा मी घेतोय का तुम्ही?"

"घेताय तुम्ही. पण शिकवलंय मी. तिला येतं."

असं बोलून बसले मी. हेडमास्तर मागं खाकरले. साहेबांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. त्यांनी तिला दुसरं गणित घातलं, तिसरं घातलं. पण पोरीचं तोंड मिटलं ते मिटलंच. हुंदका येऊ नये म्हणून तिनं ओठ दातात धरले होते. ते सोडले असते तर रडूच बाहेर पडलं असतं. साहेबांनी मान हलवली. ती नापास.

परीक्षा संपली. टांगा गेला. पोरं पांगली, ती तेवढी जागेवर बसून राहिली. म्हातारा उठून दारात आला. मी तोंड वर करून त्याच्याकडं बघेना. पास होईल म्हणून मीच छातीठोक सांगितलं होतं.

"काय ईचारलं हुतं तिला?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. साडेपाच, अडीच, आणि तिनं काय उत्तर दिलं, आणि काय दिलं नाही. म्हातारा वहाणा काढून आत आला आणि पोरीच्या पुढ्यात खाली बसला.

"म्हनली न्हाईस?"

तिनं मान हलवली.

"बरं केलंस गं माजे बाय." त्याचा आवाज फाटला. "म्या तरी कवा म्हनलोय का?" मग पटक्याच्या शेवानं तिचं नाक पुसून तो माझ्याकडं वळला. "बाई, हिला हितंच बसवा. याच वर्गात. औंदा न्हाई तर फुडल्या साली. खुरप्याचं मी बघतो."

मला तेव्हा जे रडू आलं ते मी कुणापुढं दाखवलं नाही. फळा पुसायला लागले. पुसलेलाच फळा पुन्हा पुसला.

मग ती पुन्हा माझ्या चौथीत. पाऊस झाला, ऊस वाढला. लढाई थांबली म्हणून गावात साखर वाटली. लॉऱ्या आता उलट्या दिशेनं जायला लागल्या. पोरं अजून पळायची बघायला, पण ती जायची नाही. जागेवर बसून पाटीवर गणितं घालायची. एकदा मी म्हटलं, "जा की गं." ती म्हणाली, "लॉरी थांबली, तर आवाज ईलच की बाई."

आणि एका सकाळी, पोरं पावकी म्हणत होती, तेव्हा आवाज आला. लॉरीचा नव्हे, बुटांचा. धर्मशाळेच्या फरशीवर टाक टाक. दारात खाकी कपड्यातला एक माणूस, वाळलेला, उन्हानं रापलेला. मागं म्हातारा. म्हाताऱ्याला हसावं का रडावं कळत नव्हतं, म्हणून तो दोन्ही करत होता. काल संध्याकाळीच आला होता म्हणे. पोरगी आज शाळेला आली नव्हती ती का, ते तेव्हा कळलं. आता ती बापाचं बोट धरून उभी होती. बोट कसलं, अख्खा पंजाच दोन्ही हातांनी आवळला होता.

त्यानं टाचा जुळवून मला सलाम ठोकला. "बाईसाब, पोरीला लय चांगलं शिकीवलं म्हनं तुमी."

"शिकवलं, पण नापास झाली," मी म्हटलं. "तुमच्यापायी." आणि सगळं सांगितलं त्याला. साडेपाच भाकऱ्या, दोन आणि चार चतकोर, सगळं.

तो आधी हसायला लागला. "आरं तिच्या मारी! आवं, पलटनीच्या लंगरला रोजच्या तीन रोट्या मिळायच्या. रोज! थाळीत तीन टाकायचे आन् म्हनायचे, चलो आगं. म्या तर तीन तीन खाऊनच जगलो की हो."

वर्ग हसला. मीही हसले. पोरीनं मात्र त्याचा हात सोडला. लाल झाली होती. "त्या रोट्या हुत्या, आण्णा!" ती ओरडली. "भाकरी न्हवत्या!"

त्याचं हसू तोंडातच राहिलं. बघत राहिला तिच्याकडं. इतक्या वर्षांत त्या घरानं चुलीपुढं काय काय पाळलं होतं, ते त्याला तेव्हा लागलं असावं. बुटांसकट तो मटकन खालीच बसला, पोरांच्या ओळीत, आणि जवळची एक पाटी घेऊन तिच्यापुढं धरली.

"व्हय गं. भाकरी न्हवत्या," तो म्हणाला. "म्हनून तर आलो. आता लिव्ह. दोन आन् चार चतकोर म्हंजी किती?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं. त्याच्या बाहीवरनं एकदा हात फिरवला, खरा आहे का बघितल्यासारखा. आणि पेन्सिल घेऊन तिनं पाटीभर एवढा मोठा तीन काढला.

"बरोबर?" तिनं मला विचारलं.

"बरोबर," मी म्हटलं. पाटीच्या कोपऱ्यात खडूनं खूण केली, आणि पुन्हा म्हटलं, "बरोबर आहे गं."